बदक खोटं, बूड खरं

"फायबर कोनी घेत नाई भाऊ. प्लास्टिक असतं तं किलोनं घेतलं असतं."

गॅरेजच्या छताला लटकलेल्या त्या लांबलचक वस्तूला भंगारवाल्याने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि निकाल दिला. न्यायचीच असेल तर टेम्पोचं भाडं तुम्ही द्या, असंही वर सुनावलं. रामदासपेठेतल्या त्या बंगल्यातून त्या दिवशी जुना फ्रिज गेला, दोन कुलर गेले, तांब्याचा बंब गेला, वैद्यकीय मासिकांचे गठ्ठे गेले. कयाक तेवढी राहिली. आज ती माझ्याकडे आहे, त्याचं सगळं श्रेय फायबरग्लासला भंगारात किंमत नाही या एकाच गोष्टीला आहे.

बंगला डॉक्टरकाकांचा. नात्याने ते आमचे कोणी नव्हेत, आमच्या मागच्या गल्लीतले. नागपूरच्या मेडिकलमधून शिकून वेल्सला गेले, बारा-तेरा वर्षं तिथल्या हॉस्पिटलात काढली आणि १९८६ साली परत आले. परदेशातून येणारे लोक तेव्हा टीव्ही, व्हीसीआर आणायचे. काकांच्या घरसामानाच्या ट्रकमधून अठरा फुटी होडी उतरली, तीही समुद्रात चालवायची. गल्लीला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला.

मी तेव्हा कॉलेजात होतो, एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये. अंबाझरी तलावावर आम्ही व्हेलर ओढायचो, म्हणजे पाच-सहा जणांनी वल्ही मारायची ती मोठी जड नाव. एका हिवाळी रविवारी काका आपली होडी घेऊन तिथे आले. आत शिरले, निघाले, आणि बाणासारखे सरळ गेले. वळायची वेळ आली तेव्हा मात्र ते आख्खे उजव्या अंगावर कलले, इतके की आम्हाला वाटलं आता गेले पाण्यात. गंमत म्हणजे कलले उजवीकडे आणि होडी वळली डावीकडे. आम्ही पोरं पोट धरून हसलो. काकांनी हात हलवला. नंतर मी ती होडी पाण्यात कधी पाहिली नाही. गॅरेजच्या दोन लोखंडी कड्यांना ती जी लटकली ती कायमची.

काका गेले त्याला दोन वर्षं झाली. काकूंना आता पुण्याला मुलाकडे जायचं होतं. "तू पाणीवाला माणूस आहेस, तूच सांग हिचं काय करायचं ते," त्या म्हणाल्या. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो, निवृत्त झालो. धरणांचे नकाशे काढणारा माणूस पाणीवाला असतो हा काकूंचा समज मी मोडला नाही.

"आधी ही नेमकी कोणती आहे ते तरी कळू दे," एवढं बोललो. आठ दिवसांत कळेल असं वाटलं होतं. पावसाळा उजाडला.

---

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चौघांनी मिळून ती खाली उतरवली आणि अंगणात स्कूटरच्या दोन जुन्या टायरांवर ठेवली. आत कुंभारमाशीची मातीची घरं होती, एक खारीचं घरटं होतं आणि १९९१ सालचं वर्तमानपत्र होतं. निरम्याच्या पाण्याने धुतल्यावर खालचा मूळ पांढरा रंग दिसला, खडूसारखा भुकटी सुटणारा. वरचा भाग लाल. आणि पुढच्या डेकवर, धुळीखालून हळूहळू वर आलं एक बदक. ब्रशने काढलेलं, हात चांगला असलेल्या माणसाने. लांब मान, चॉकलेटी डोकं आणि शेपटीतून निघालेलं सुईसारखं टोकदार पीस.

तलवार बदक. हिवाळ्यात विदर्भातल्या तलावांवर येणारं. काकांना पक्ष्यांचा नाद होता हे मला माहीत होतं, म्हणून आधी मी त्या चित्राकडे फारसं लक्ष दिलं नाही. मग या बदकाचं शास्त्रीय नाव पाहिलं आणि उडालोच. अनास अक्युटा. ब्रिटनमधल्या व्हॅली कनू प्रॉडक्ट्स या कारखान्याने याच नावाची एक गाजलेली समुद्री कयाक काढली होती!

झालं, कोडं सुटलं असं समजून मी काकूंना फोन करून सांगूनही टाकलं.

अनास अक्युटाची वंशावळ वाचताना मी पार हरखून गेलो, कारण तिच्यात एक आरेखक आहे. १९५९ साली केन टेलर हा ग्लासगोचा विद्यार्थी पश्चिम ग्रीनलंडमधल्या इग्डलोर्सुइट या वस्तीवर गेला. तिथल्या एमान्युएल कॉर्नेलियुसेन नावाच्या कारागिराने त्याच्यासाठी कयाक बांधली. लाकडी सांगाडा आणि त्यावर सीलचं कातडं. टेलरने ती स्कॉटलंडला आणली. डंकन विनिंग यांनी तिची मापं घेऊन रेखाचित्रं केली, आणि ती चित्रं हातोहात फिरली. जेफ ब्लॅकफर्ड यांनी त्यावरून थोडी मोठी, प्लायवूडची कयाक बांधली, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचंच फायबरग्लासचं रूप व्हॅलीने अनास अक्युटा नावाने विकायला काढलं. एका माणसाच्या मापाने बांधलेली होडी कागदावर उतरली म्हणून हजारो मैलांवर तिची पिल्लं झाली. आमच्या खात्यात नकाशांना वाळवी लागते. असो.

तर मीही मापं घ्यायला बसलो. कयाक उपडी केली. वर एक सरळ पट्टी लेव्हल लावून आडवी ठेवली आणि दर दोन इंचांवर ओळंबा सोडून खोली लिहून घेतली. दर दीड फुटावर असा एक आडवा छेद. संध्याकाळी डास आणि सकाळी दहानंतर ऊन, म्हणून पहाटे सहा ते नऊ एवढंच काम व्हायचं. चार दिवसांत अकरा छेद झाले. आलेखकागदावर जोडले आणि माझाच चेहरा उतरला.

अनास अक्युटाला बुडाच्या दोन्ही बाजूंना स्पष्ट कंगोरा आहे. कातडं लाकडी पट्ट्यांवर ताणलं की जिथे पट्टी असते तिथे धार येते. फायबरग्लासला अशी धार लागत नाही, पण ग्रीनलंडची ती खूण त्यांनी साच्यात जपली. माझ्या अकराही छेदांत कंगोरा कुठे नव्हता. बूड गोल, आंब्याच्या बाठीसारखं मऊ वळलेलं. व्हॅलीने नंतर पिनटेल नावाची कयाकही काढली होती, म्हणजे तेच बदक इंग्रजी नावाने. तिचा कंगोरा बोथट केलेला आहे, पण आहे. माझ्या होडीत नव्हताच.

काकूंना परत फोन केला. "काकू, ते बदक खोटं आहे."

"खोटं कशाला असेल? ते तर ह्यांनी इथे आल्यावर काढलंय. अंबाझरीवर बसून काढलं होतं आधी वहीत, मग होडीवर."

मी आधी विचारलंच नव्हतं.

---

बदक बाजूला ठेवून मी लांबी-रुंदीकडे वळलो. लांबी सतरा फूट अकरा इंच. सर्वांत रुंद जागी एकवीस इंच, म्हणजे साधारण ५३ सेंटिमीटर. टोकं दोन्हीकडे वर उचललेली, पुढचं जास्त. बसायची जागा, म्हणजे कॉकपिट, हे डेकमधलं छोटं लंबगोल भोक, बावीस इंच बाय सोळा. त्यात थेट बसताच येत नाही. मागच्या डेकवर बूड टेकवायचं, दोन्ही पाय सरळ आत सोडायचे आणि मग पाणबुड्यासारखं सरकत आत जायचं. मी अंगणात करून पाहिलं. आत गेलो. बाहेर यायला शेजाऱ्याला बोलवावं लागलं.

जुन्या कॅटलॉगांची स्कॅन केलेली पानं मी एव्हाना पाठ केली होती. ही मापं, हे गोल बूड, हे छोटं कॉकपिट आणि हा नाक वर करण्याचा तोरा एकाच होडीकडे बोट दाखवत होते: नॉर्डकाप.

नॉर्डकाप म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेचं टोक. १९७५ साली कॉलिन मॉर्टलॉक यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश कयाकपटूंची एक तुकडी बूदो गावापासून त्या टोकापर्यंत वल्हवत गेली. तिच्यासाठी व्हॅलीच्या फ्रँक गुडमन यांनी ही कयाक बेतली, अनास अक्युटाचा धागा पुढे नेऊन, पण कंगोरा गोल करून. तोवरच्या बहुतेक कयाक आतून एकसंध पोकळ असत. पाणी शिरलं की नाकापासून शेपटीपर्यंत भरत आणि सामान काढायचं तर कॉकपिटमधूनच. नॉर्डकापमध्ये आत आडव्या भिंती घातल्या, डेकवर गोल झाकणं दिली आणि कॉकपिटच्या मागे हाताने मारायचा पंप बसवला. आठवडाभराचं अन्न, तंबू, कोरडे कपडे कोरड्या कप्प्यात. १९७७ च्या डिसेंबरात गुडमन स्वतः बॅरी स्मिथ, जिम हारग्रीव्हज आणि नायजेल मॅथ्यूज यांच्यासह याच जातीच्या होड्यांतून दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून आले. १९८१-८२ मध्ये न्यूझीलंडच्या पॉल कॅफिनने नॉर्डकापमधून अख्ख्या ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घातली, ३६० दिवसांत. आणि तिची एक बहीण रामदासपेठेत खारीचं बाळंतपण करत होती.

मॉडेल कळलं. पण नॉर्डकाप म्हणजे काही एकच होडी नव्हे. दशकानुदशकं ती बनत राहिली आणि दर काही वर्षांनी तिच्यात काही ना काही बदललं. आधी प्लास्टिकची, बरणीसारखी फिरवून लावायची हेंडरसनची गोल झाकणं होती, नंतर काळ्या रबराची, टोपीसारखी ओढून बसवायची आली. छोट्या कॉकपिटच्या जागी किल्लीच्या भोकासारखं लांब कॉकपिट आलं, ज्यात माणूस आधी बसू शकतो आणि मग पाय घेऊ शकतो. (माझ्या वयाला तेच बरं.) सीटच्या मागे हाताशी येणारा तिसरा छोटा कप्पा आला. दोरीने वर-खाली करता येणारा स्केग, म्हणजे मागच्या टोकाला बुडाखालचा पर, आला. पंचवीस वर्षं झाल्यावर तर ज्युबिली नावाची नवी आवृत्तीच निघाली.

माझ्या होडीवर लांब कॉकपिट नाही, तिसरा कप्पा नाही, सरकता स्केग नाही. म्हणजे जुनी. मागच्या डेकवर पंपाची लंबगोल पाटी आहे, दांडा हरवलेला. तीही जुनी खूण. मागचं झाकण फिरवायचं, पिवळट पडलेलं, जुनं. आणि पुढचं झाकण? काळ्या रबराचं. नव्या पद्धतीचं.

इथे मी तीन आठवडे अडकलो. एका टोकाला जुनी, दुसऱ्या टोकाला नवी अशी होडी कोणता कारखाना काढेल? बदलाच्या काळातली म्हणावी, उरलेला माल संपवताना एक जुनं एक नवं लावलं असेल, असा एक सिद्धांत मी मांडला आणि इंग्लंडमधल्या एका जुन्या कयाकपटूला ईमेलने कळवलाही. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. झाकणांवर विश्वास ठेवू नका, झाकणं मोजे बदलावेत तशी बदलतात. साच्याकडे पाहा.

---

साच्याकडे पाहा म्हणजे काय, हे मला हिंगण्याच्या एमआयडीसीत कळलं.

नागपुरात फायबरग्लास कळणारे लोक शोधायला लांब जावं लागत नाही, कारण इथे कुलर बनतात. पत्र्याच्या कुलरला गंज चढतो म्हणून फायबरची बॉडी आली, आणि ती ओतणारे लहान-मोठे कारखाने हिंगणा रस्त्याला आहेत. त्यातल्या एकाकडे ओळखीने गेलो. एप्रिल म्हणजे त्याचा ऐन धंद्याचा काळ. तरी माझ्या मोबाइलमधले फोटो पाहून तो माणूस हातातला ब्रश ठेवून उठला. "रविवारी येतो," म्हणाला, आणि आला. पोरालाही घेऊन आला.

त्याने होडीला पहिला हात लावला तो आतून. झाकण काढून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटून फिरवला. मग बाहेरून फिरवला.

"पाहा साहेब. साच्यातून निघालेलं काम बाहेरून आरसा असते अन् आतून खडबडीत. साच्याले आधी जेलकोट मारतो आपण, रंग त्याच्यातच असते, मंग काचेच्या धाग्याची मॅट अन् रेझिन. बाहेर निघालं का जेलकोट वर येते. नंतर कोनी काई चिकटवलं असन तं उलटं राहाते. खडबड बाहेर अन् वरून पेंट."

एवढं सांगून त्याने पुढच्या रबरी झाकणाची काळी टोपी ओढून काढली. टोपी वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यांनी गुळासारखी चिकट झाली होती, बोटाला लागली. खालच्या फायबरच्या कड्याभोवती त्याने नख फिरवलं, खरवडलं, वास घेतला आणि हसायला लागला.

"एम-सील हाय साहेब!"

राखाडी, दगडासारखं घट्ट झालेलं एम-सील. नळाला, टाकीला, कुलरच्या ट्रेला लावतो तेच. नॉटिंगहॅमच्या कारखान्यात कोणी एम-सील लावलं नसणार. कडं आतून पाहिलं तर भोकाची कड करवतीने मोठी केलेली दिसत होती, आणि त्या कडेला जुन्या स्क्रूंच्या अर्धवट कापलेल्या भोकांची रांग होती, बुजवलेली. म्हणजे इथेही आधी मागच्यासारखंच फिरवायचं झाकण होतं. ते तुटलं असणार आणि काकांनी ही रबरी टोपी इथेच, याच गॅरेजमध्ये बसवली असणार.

काकूंना विचारलं. "हो रे, एकदा तिकडून पार्सल आलं होतं त्यांच्या मित्राचं. मला वाटलं चॉकलेट आहे. तर काळं टोपडं निघालं!"

माझा बदलाच्या काळाचा सिद्धांत त्या टोपड्यात गेला.

आता खरा प्रश्न राहिला होता शेपटीचा. होडी उपडी केली की मागच्या टोकाला, बुडाच्या मध्यरेषेवर एक उभा पर दिसतो, माशाच्या परासारखा, न हलणारा. मी आजवर त्याला होडीचाच भाग समजत होतो. पण बदक आणि झाकण यांनी शहाणा केलेला माणूस परावर कसा विश्वास ठेवणार? कारण नॉर्डकापच्या पहिल्या अवतारात हा पर नाही.

तो आला का, हेही सांगतो. कयाक बाजूच्या वाऱ्यात चालत असली की तिचं नाक हळूहळू वाऱ्याकडे वळायला लागतं, वेधशाळेच्या छतावरच्या वातकुक्कुटासारखं. पुढचं टोक पाणी कापत असतं म्हणून घट्ट धरलेलं राहतं, मागचं टोक सैल असतं, वारा त्याला ढकलतो. दिवसभर एकाच बाजूने जास्त वल्ही मारून माणूस मेटाकुटीला येतो. मागे बुडाखाली पर दिला की शेपूट पाण्यात धरून राहते. म्हणून व्हॅलीने नंतर नॉर्डकापची एचएम ही आवृत्ती काढली, जिच्या बुडाच्या साच्यातच मागे कायमचा पर होता. पण फायबरग्लास येणारा कोणीही हौशी माणूस साध्या नॉर्डकापला घरी पर चिकटवू शकतो. काकांनी झाकण बसवलं तर पर का नाही बसवणार?

फायबरवाल्याने पाण्याचा तांब्या मागितला. खिशातून सहाशे नंबरचा वेट पेपर काढला आणि पराच्या मुळाशी, जिथे तो बुडाला मिळतो तिथे, अंगठ्याएवढी जागा घासायला लागला. पेंट असता तर रंग निघून खालचं फायबर दिसलं असतं आणि जोडाची रेघ उघडी पडली असती. त्याने पाच मिनिटं घासलं. पांढरं पाणी वाहत राहिलं, खालून तोच पांढरा रंग येत राहिला, बुडाकडून परावर सलग, मध्ये रेघ नाही. मग मी मोबाइलला टॉर्च लावून पीव्हीसी पाइपाच्या टोकाला बांधला आणि मागच्या झाकणातून आत ढकलला. व्हिडिओत पराच्या जागी एक अरुंद खोबण दिसली, तळाशी मधासारखं रेझिन साचून घट्ट झालेलं.

"हे साच्यातलंच हाय," तो म्हणाला. "एवढ्या चिंचोळ्या जागी ब्रश जात नाई, म्हनून रेझिन साचते. आमच्या कुलरच्या कोपऱ्यात असंच होते."

नॉर्डकाप एचएम. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या होडीचं निदान कुलरच्या कोपऱ्यावरून झालं. त्याने पैसे घेतले नाहीत. पोराला एकदा आत बसवून फोटो काढून दे म्हणाला, तेवढं केलं.

---

वर्ष ठरवायला मी आधी नंबर शोधला होता. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या किंवा तिथे विकायला आणलेल्या होड्यांवर बारा अक्षरी ओळखक्रमांक लागतो, त्यावरून वर्ष काढता येतं. माझ्या होडीवर मागच्या टोकाला, आत, कुठेच तसं काही नव्हतं. ब्रिटनमध्येच विकलेली आणि ब्रिटनमधूनच इथे आलेली, त्यामुळे नवल नाही. आतल्या भिंतीवर पेन्सिलने काहीतरी खरडलेलं होतं, ते सात होतं की एक, यावर मी एक अख्खी दुपार घालवली. तो बहुधा माझ्यासाठीच ठेवलेला सापळा होता.

वर्ष शेवटी अल्बममध्ये सापडलं. पुण्याला जायचं सामान बांधताना काकूंनी जुने अल्बम काढले आणि मला हाक मारली. एका फोटोत काका, दाढीसकट, गोट्यांच्या किनाऱ्यावर उभे. पायाशी लाल-पांढरी कयाक. फोटोच्या मागे काकांच्या अक्षरात: ऑगस्ट ८२. भिंगातून पाहिलं. पुढचं झाकण फिरवायचं, पिवळं नव्हे, अजून पांढरंशुभ्र. मागे पंप, दांडा जागेवर. डेक कोरा, बदक नाही.

म्हणजे ऑगस्ट १९८२ पर्यंत बनलेली. याहून जास्त नेमकं मला सांगता येणार नाही. आलेखकागदाच्या कोपऱ्यात मी तेवढंच लिहिलं.

काकू तो फोटो बराच वेळ हातात धरून होत्या. मग म्हणाल्या, "तिकडे असताना सुट्टी मिळाली की समुद्रावर. मी किनाऱ्यावर थर्मास घेऊन बसायची. थंडीत. मला ती होडी कधी आवडली नाही रे." आणि फोटो मला देऊन टाकला.

---

दुरुस्तीत सांगण्यासारखं फार नाही. डेकवरची दोरी हात लावताच तुटली, इतवारीतून नवी आणली. पुढच्या भोकावर जाड रबरी शीट आणि पट्टा असं तात्पुरतं झाकण केलं, कारण मूळ मापाची टोपी मागवायची तर तिच्या किमतीत नवा कुलर येतो. बारीक तड्यांवर फायबरवाल्याने दिलेला जेलकोट भरला. बदकाला पॉलिश लागू दिलं नाही.

ऑगस्टमध्ये पाऊस उघडला तसं रामटेकच्या खिंडसी तलावावर न्यायचं ठरवलं. छोटा हत्तीवर टाकली तर होडी मागून इतकी बाहेर आली की तिला लाल फडकं बांधावं लागलं. मनसरच्या फाट्यावर पोहे खायला थांबलो तर भोवती दहा माणसं जमली. कायची हाय, कितीची हाय, मोटर कुठे लागते. एकाने बदकाकडे पाहून विचारलं, "कंपनीचा मोनोग्राम का?" मी हो म्हणालो. खरं सांगत बसलो असतो तर पोहे थंड झाले असते.

खिंडसीवर जिथे बोटिंग चालतं तिथे परवानगी घेतली, लाइफ जॅकेट बांधलं. काठावर एक ढिवरकाका जाळं सोडवत बसले होते. त्यांनी होडीच्या बाजूने एक फेरी मारली, वाकून बुडाखाली हात घातला, परावर बोट ठेवलं.

"हा डोंगा सरळच जाईन. वळनार नाई."

अकरा छेद, तीन आठवडे, एमआयडीसी, वेट पेपर आणि पीव्हीसी पाइप एवढं करून मला जे कळलं ते या माणसाला एका बोटाने कळलं होतं.

मागच्या डेकवर बसलो, पाय आत सोडले, सरकलो. त्यांनी ढकलून दिलं. पहिली शंभर वल्ही मी फक्त न उलटण्यासाठी मारली. एकवीस इंच म्हणजे किती कमी असतात ते पाण्यावर कळतं. मग होडी धावायला लागली. रामटेकच्या टेकडीकडून वारा येत होता, डावीकडून, आणि नाक हललं नाही. एका रेषेत, ताठ. मागे शेपूट पाणी धरून होती.

मध्यावर आल्यावर परत फिरायचं म्हणून उजवीकडे जोरात वल्हं मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. होडीने जेमतेम मान हलवली. पाच-सहा वल्ह्यांनंतर दम लागला आणि नाक अजून पलीकडच्या काठाकडेच होतं.

तेव्हा अंबाझरीवरचा तो रविवार आठवला. पर पाण्यात आहे तोवर ही वळणार नाही. पर उचलायचा तर होडी कलवायला हवी, आणि कलवली की तिचं बुडालेलं अंगही वाकडं होतं, ती आपोआप उलट्या बाजूला फिरते. काका पडत नव्हते. आम्ही ज्याला हसलो, ती एचएम वळवायची रीतच होती. म्हणजे ही माहिती १९८६ च्या हिवाळ्यापासून माझ्याजवळ पडून होती, आणि मी अंगणात ओळंबा सोडत बसलो होतो.

गुडघा डेकखाली घट्ट दाबला, श्वास धरला आणि उजव्या अंगावर कललो, पाणी कॉकपिटच्या काठाला लागेपर्यंत. नाक डावीकडे वळलं.

काठावरून कोणीतरी मोठ्याने हसलं. मी हात हलवला.